राणी रंगाची भिंत

अक्षर वाकडं आहे, चुका होतील, माफ करा. शाळा चौथीपर्यंतच झाली.

मंगळवार पेठेतल्या आमच्या घराला राणी रंग लागताच गल्ली जमली.

"मांडव घातलाय काय?" एक जण हसला.

"झ्याक दिसतंय की!" दुसरी म्हणाली.

रंगासाठी मला उसने पैसे दिलेल्या समोरच्या काकू कडाडल्या, "पैसं माझं हाईत! बदामी मार, न्हायतर पैसं परत टाक!"

मी मान खाली घातली. रंगारी शिडीवरून सावकाश उतरला, त्यानं ब्रश डब्याच्या काठावर निथळवला आणि सगळ्यांदेखत मला विचारलं, "वैनी, रंग कुणी निवडला?"

"मी," मान वर करून मी बोलले.

"मग झालं," म्हणत तो परत चढला.

त्याचं नाव विचारायचं राहिलं. आठ महिने ब्लाऊज शिवून मी काकूंचे पैसे फेडले, सगळे.