अजून जत्रेतच

सराव परीक्षेची घंटा झाली. मी पेपर गोळा करत निघाले, पण दहावीतल्या वैशालीचा अंगठा काही तिच्या पेपरावरून हटेना. कथालेखनाला मुद्दे दिले होते: जत्रा, लहान मुलगी, गर्दीत आईचा हात सुटणे, शेवट.

"वेळ संपला गं," मी म्हटलं.

"बाई, ती मुलगी अजून सापडली नाही. मार्क देऊ नका हवं तर, पण तिला आईकडे पोचवू द्या."

वर्षभर मी या मुलांना घड्याळ लावून गोष्टी लिहायला शिकवते. वेळ कमी उरला की शेवट उरका, तात्पर्य लिहा, शीर्षक विसरू नका. मुलंही तयार झालीत. शेवटच्या पाच मिनिटांत त्यांच्या गोष्टीतले आजारी पटापट बरे होतात, हरवलेल्यांना नेमके पोलीसकाका भेटतात. मार्कही मिळतात. पण लिहिता लिहिता एखादीला गोष्ट खरीच वाटायला लागली, तर तिनं काय करायचं? ते मी कधी शिकवलंच नाही.

बोर्डाच्या परीक्षेत कुणी थांबणार नाही, पेपर ओढून घेतील. हे तिला सांगायला हवं. सांगेन उद्या.

आत्ता मी पाठ फिरवली आणि हातातले पेपर उगाच पुन्हा जुळवत बसले. मागे पेन झरझर धावत होतं, आईला शोधत.