अहिरेच्या प्लॉटचे उरलेले पैसे

परदेशात किस्से फार लवकर साठतात. शुक्रवारची सुट्टी, बाहेर भट्टीसारखं ऊन, आत एसी आणि समोर तीच ती चार माणसं. दुसरं होणार काय! नव्वदच्या दशकात मी बहरीनमध्ये आठ वर्षं काढली. त्यातले निम्मे किस्से तरी एकट्या अहिरेचे आहेत, आणि ते सगळे एकाच प्लॉटवरून घडलेले.

अहिरे माझा रूममेट. मुहर्रकला एसी टेक्निशियन होता. फोन उचलला की आधी ‘जय भीम’, मग ‘हॅलो’. दर शुक्रवारी आम्ही दोघं उम्म अल हस्समला लिमयांकडे जेवायला जायचो. लिमये बँकेत अकाउंटंट, आमच्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठे. लिमयेवहिनी शाळेत शिकवायच्या. वहिनींचं माहेर आणि अहिरेचं गाव एकच, खानदेशातलं एक तालुक्याचं ठिकाण. पण गावात असताना एकमेकांच्या घरात कधी पाऊल पडलं नव्हतं. त्यासाठी दोघांना बहरीनला यावं लागलं.

* * *

एकदा अहिरे रजेवर गावी गेला आणि ऐटीत नगरपालिकेत जागेची पट्टी भरायला गेला. गल्फच्या पहिल्या पगारांतून त्याने तिथे एक मोकळा प्लॉट घेतला होता. क्लार्कने रजिस्टर चाळलं.

“तुमच्या नावावर प्लॉटच नाही. पट्टी थकली म्हणून लिलावात गेला.”

“अहो, मग नोटीस नाही का पाठवायची?”

“पाठवल्या की! तीन पाठवल्या. प्लॉटच्या पत्त्यावर.”

आता मोकळ्या प्लॉटवर पोस्टमन टपाल देणार कुणाला? दगडाला?

क्लार्क मात्र भला माणूस होता. म्हणाला, “काळजी करू नका. थकबाकी कापून उरलेले पैसे आमच्याकडे पडून आहेत. तुमचेच आहेत. फक्त अर्ज करा.”

त्या ‘फक्त’मध्ये दोन वर्षं गेली.

* * *

अहिरेच्या आईने उभा जन्म लोकांच्या घरांसाठी विटा वाहिल्या होत्या. भाड्याच्या खोलीत राहायची. मुलाने जागा घेतली हे ती अख्ख्या गल्लीला सांगत सुटली होती. प्लॉट गेला हे तिला सांगायची अहिरेची छाती झाली नाही. हे पैसे हातात पडले की तिला कळायच्या आत दुसरी जागा घ्यायची, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

“आणि त्याआधीच कळलं तर?” मी विचारलं.

“तर ती काही बोलणार नाही रे,” अहिरे म्हणाला. “तेच तर नको आहे.”

* * *

अर्ज म्हटलं की लिमये. सगळ्या मंडळींचे व्हिसाचे, रजेचे, पोरांच्या ॲडमिशनचे फॉर्म तेच भरायचे. “फॉर्म चुकला की माणूस चुकला,” असं म्हणायचे. अहिरेचा अर्ज त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिला, दूतावासाचा शिक्का मारून आणला आणि रजिस्टर पोस्टाने पाठवला. दोन महिन्यांनी तो परत आला. शेरा होता: ‘सही जुळत नाही.’

प्लॉट घेताना अहिरेने मराठीत सही केली होती. गल्फमध्ये रेसिडेंट कार्डापासून सगळीकडे इंग्रजीत. जुनी सही हाताला येईचना! लिमयांनी खरेदीखताची झेरॉक्स पुढे ठेवून त्याला गिरवायला बसवलं. वर्कशॉपमध्येही जेवणाच्या सुट्टीत त्याचं तेच चालू. त्याच्या बहरीनी सुपरवायझरने वाकून पाहिलं.

“ये किसका साइन है?”

“मेरा.”

“तो सीखता क्यों है?”

* * *

नंतर फोनचं प्रकरण. अहिरेला अकराला चहाची सुट्टी. धावत जाऊन तो बूथमधून कार्डावर फोन लावायचा. पलीकडून उत्तर ठरलेलं: “साहेब जेवायला गेलेत.” असं तीन महिने चाललं. पाच कार्डं संपली.

एका शुक्रवारी अहिरे वैतागून म्हणाला, “माणूस किती जेवतो हो! जेव्हा बघावं तेव्हा जेवतोय!”

वहिनींनी घड्याळाकडे पाहिलं. “भाऊजी, तुमचे अकरा म्हणजे तिथले दीड. जेवेल नाही तर काय करेल?”

चार माणसांत मिळून पन्नास वर्षांचा गल्फचा अनुभव, आणि हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं!

* * *

मग लिमये चिडले. त्यांनी मुख्याधिकाऱ्यांना खरमरीत पत्र लिहायला घेतलं. त्यात एक परिच्छेद लिलावात प्लॉट घेणाऱ्यावर होता. ‘सदर खरेदीदाराने मालकाच्या गैरहजेरीचा फायदा उठवून...’ इथे त्यांचं पेन अडलं.

“शब्द सुचवा. संधीसाधू?”

“मिळमिळीत आहे,” वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या. “निर्लज्ज लिहा.”

लिमयांनी ‘निर्लज्ज व संधीसाधू’ असं लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या.

* * *

त्याच सुमाराची गोष्ट. वहिनींना त्यांच्या भावाचं पत्र आलं. शाळेच्या पगारातून त्यांनी त्याला पैसे पाठवले होते आणि त्याने त्यांच्या नावावर गावात जागा घेतली होती. स्वस्तात मिळाली म्हणून तो खूश होता. नुकतंच तारेचं कुंपण घातलं होतं. पण एक कटकट होती, ती वहिनींनी आम्हाला वाचून दाखवली.

“एक म्हातारी दर रविवारी कळशी घेऊन येते. फाटकाला कुलूप आहे, तरी तारेखालून वाकून आत शिरते आणि तिथल्या लिंबाला पाणी घालते. विचारलं तर हसते. काय करू?”

“खाली आणखी एक तार ओढायला सांग,” लिमये म्हणाले. “आज पाणी घालेल, उद्या झोपडी बांधेल.”

अहिरेचा घास हातातच राहिला. “येऊ द्या की वहिनी,” तो म्हणाला. “पाणीच घालते ना.”

“मीही तेच म्हणते,” वहिनी म्हणाल्या, आणि त्यांनी तसं भावाला कळवून टाकलं. अहिरे त्या दिवशी परत भात न घेताच उठला. पोट बिघडलं असेल, असं मला वाटलं.

* * *

चार महिन्यांनी, असाच शुक्रवार. पानं वाढली होती. अहिरेने खिशातून नगरपालिकेचं पत्र काढून लिमयांपुढे ठेवलं.

“साहेब, पैसे मंजूर झालेत. फक्त एक सही राहिलीय.”

लिमयांनी चष्मा लावून मोठ्याने वाचायला सुरुवात केली. “‘उर्वरित रकमेसाठी लिलावातील खरेदीदाराचे ना-हरकत पत्र जोडावे. खरेदीदार सौ. सुलभा लिमये या सध्या बहरीन येथे राहतात. आपणही तेथेच असल्याने समक्ष भेटून...’”

पुढचं त्यांनी मनात वाचलं.

वहिनी आमटीचं पातेलं घेऊन उभ्या होत्या. “लिलाव? दादा तर म्हणाला, ओळखीने मिळाला.” त्यांनी पातेलं खाली ठेवलं आणि पत्र स्वतः वाचलं, दोनदा. “भाऊजी, तुम्हाला हे कधी कळलं?”

“तुम्ही लिंबाचं वाचून दाखवलंत तेव्हा.”

“म्हणजे ती म्हातारी...”

“आई.”

“अरे, मग चार महिने बोलला का नाहीस?” लिमये जवळजवळ ओरडलेच.

“वहिनींनी ‘येऊ दे’ असं लिहिलं होतं ना,” अहिरे म्हणाला. “मग घाई कसली?”

मग वहिनींनी नवऱ्याला विचारलं, “त्या पत्रात तो शब्द मीच सांगितला होता ना?”

लिमये कोऱ्या कागदावर ना-हरकत पत्र लिहायला लागले होते.

“बरोबर होता,” वहिनी म्हणाल्या. त्यांनी पेन मागून सही केली. मग कपाटातून टपालाचा एक कागद काढला, पानाशेजारी मांडी घालून भावाला पत्र लिहिलं आणि पाकिटात घालण्याआधी अहिरेच्या हातात दिलं. मी शेजारीच होतो, म्हणून मलाही दिसलं. दोनच ओळी होत्या.

‘दादा, रविवारी त्या आजी आल्या की फाटकाची किल्ली त्यांच्या हातात दे. का, ते त्यांना सांगू नकोस.’