लग्नाशिवायची भिंत

डहाणूला भाड्याच्या घरात आम्ही आठ वर्षं काढली. भिंतीत एकही खिळा ठोकायचा नाही, ही घरमालकांची अट होती. कॅलेंडर खिडकीच्या गजाला आणि आमच्या लग्नाचा फोटो कपाटाच्या मुठीला लटकायचा. त्यामुळे सरावलीत स्वतःचं घर झालं, तेव्हा चार कोऱ्या भिंती बघून मला आणि नवऱ्याला अक्षरशः चेव चढला.

पहिल्याच रविवारी नवरा हातोडा घेऊन स्टुलावर चढला. "कुठे ठोकू?" त्याने विचारलं. "कुठेही ठोक!" मी म्हणाले. त्याने एवढ्या जोरात हाणलं की ताटाएवढं प्लास्टर निघालं, स्टूल कलंडलं आणि तो सोफ्यावर जाऊन पडला. लागलं काहीच नाही. बोर्डीहून कायमच्या राहायला आलेल्या सासूबाई मात्र डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

आता तो खड्डा झाकणं आलं. खाडीवरच्या मासेवाल्या ताईंकडून मी जुनं जाळं मागून आणलं. मोठ्या हौसेने ते भिंतभर पसरलं, त्यात शंख अडकवले. दुपारपर्यंत घरभर बोंबलाचा वास सुटला आणि संध्याकाळी हॉलमध्ये तीन मांजरं जाळ्याकडे टक लावून बसली होती. चौथं जाळ्यात लोंबकळत होतं.

मी तलासरीच्या शाळेत शिकवते. तिथे खिचडी शिजवणाऱ्या मावशी वारली चित्रं काढतात. दुसऱ्या दिवशी त्यांना सगळं सांगितलं तर म्हणाल्या, "रविवारी येते. भिंत घासून ठेवा, गुळगुळीत रंगावर गेरू धरत नाही."

नवऱ्याने दोन दिवस पॉलिशपेपरने भिंत घासली. केसांपासून मिशीपर्यंत पांढरा झाला. सासूबाईंनी नाक मुरडलं, "नव्या घराला माती फासताय!"

रविवारी मावशी आल्या. गेरूत डिंक कालवून त्यांनी भिंत लाल केली. ती वाळेपर्यंत तांदळाचं पीठ भिजवलं, बांबूच्या काडीचं टोक चावून मऊ केलं. मग मला विचारलं, "बाई, लगीन कुनाचा हाय?"

"लग्न? कुणाचंच नाही."

"मग देवीचा चौक नाही काढायचा. देवीचं ते चौकोनी चित्र लग्नालाच." काडी हातात धरून त्या थांबल्या. माझा चेहरा पडलेला बघून म्हणाल्या, "बरं, या घरात काय झालं ते सांगा. तेच काढते."

नवरा लाजला. मीच सांगायला लागले. मावशींनी आधी त्या खड्ड्याभोवती गवत काढलं आणि खड्ड्याची विहीर झाली. मग दोन त्रिकोण, काड्यांचे हातपाय, आणि नवरा डोकं खाली, पाय वर करून विहिरीत चालला. मागे हातोडा उडत होता. आम्ही दोघं पोट धरून हसत जमिनीवर बसलो. मग जाळं आलं, मांजरं आली. शेजारी माझी धांदल चाललेली, म्हणजे मी उगीचच दोन्ही हात वर करून नाचतेय.

दारात उभ्या राहून बघणाऱ्या सासूबाईंना शेवटी राहवलं नाही. "आणि मी? मला काढलंच नाही?"

"आजी, तुम्ही काय करत होता?"

"मी हसत होते."

मावशी विचारात पडल्या. त्यांच्या माणसांना तोंडच नसतं, हसणार कुठून? त्यांनी भिंतीकडे पाहिलं, सासूबाईंकडे पाहिलं. "एकदा हसून दाखवा बघू."

सासूबाई खोटं खोटं हसायला गेल्या आणि खऱ्याच हसत सुटल्या, कमरेत वाकून, गुडघ्यांवर हात आपटत. मावशींनी भराभर दोन त्रिकोण कमरेत वाकवले, मागे अंबाडा उडवला. डोळे नाहीत, तोंड नाही, पण त्या सासूबाईच होत्या. हसणाऱ्या.

गप्पांत तलासरीची बस गेली. नवऱ्याने मावशींना स्कूटरवरून सोडलं.

सोमवारी मी शाळेतून आले तर सासूबाई ओट्याजवळ उभ्या, कोपरापर्यंत गेरूने माखलेल्या. स्वयंपाकघराची अर्धी भिंत लाल झाली होती आणि तिच्यावर एक चिकूचं झाड आणि पाच पायांची बाई.

"मावशींना सांग, रविवारी परत या म्हणावं," त्या मागे न बघता म्हणाल्या. "मला पाय जमत नाहीत."