आजींचा बारावा हिस्सा

२००६च्या सप्टेंबरमध्ये आमच्या ऑफिसला एकच सही कमी पडत होती आणि महिना संपायला एकोणीस दिवस उरले होते.

अमेरिकेच्या उत्तरेकडच्या मोकळ्या पठारावर एका रिझर्वेशनवर, म्हणजे मूळ रहिवाशांसाठी राखलेल्या मुलखात, मी तेव्हा नोकरी करत होते. तिथल्या मूळ जमातीचं स्वतःचं सरकार होतं. निवडून आलेलं कौन्सिल, पोलीस, खजिना आणि जमिनींचं एक ऑफिस. त्या ऑफिसात मी नकाशे आणि मालकांच्या याद्या कॉम्प्युटरवर चढवायचे. नागपूरला भूगोल शिकले, अमेरिकेत एमएस केलं आणि व्हिसा देणारी पहिली नोकरी मिळाली ती इथे. कॅलिफोर्नियात सनीव्हेलला असलेल्या मैत्रिणी फोनवर विचारायच्या, यार, तू तिथे करतेस तरी काय? आईला रिझर्वेशन म्हटलं की रेल्वेचं तिकीटच आठवायचं.

शंभरेक वर्षांपूर्वी अमेरिकेच्या केंद्र सरकारने जमातीची सामाईक जमीन तोडून एकेका माणसाच्या नावावर केली होती. ती माणसं गेली, त्यांची मुलं गेली. जमीन कुणी वाटून घेतली नाही, कागदावरचे हिस्से मात्र वाटले गेले. नदीकाठच्या एका तुकड्याला दीडशेच्या वर मालक झाले होते आणि नेमका तोच कौन्सिलला दवाखान्यासाठी हवा होता. पूररेषेच्या वर, रस्त्याला लागून, अशी दुसरी जागा नव्हती. दवाखान्याचं अनुदान मंजूर झालं होतं. अट एकच होती. निम्म्याहून जास्त जागा जमातीने विकत घ्यायची, नाहीतर तेवढ्या मालकांनी ती लांब मुदतीच्या भाड्याने द्यायची, दोन्ही मिळून निम्मं ओलांडलं तरी चालणार होतं, पण हे सगळं तीस सप्टेंबरच्या आत, कारण तिकडचं सरकारी वर्ष त्या दिवशी संपतं. आधी एकदा असेच पैसे परत गेले होते. माझा पगारही याच अनुदानातून निघत होता.

विकत घेऊन घेऊन आम्ही निम्म्याच्या अगदी जवळ पोचलो होतो. ज्यांच्यामुळे पार झालो असतो त्या आजींचा हिस्सा बारावा, म्हणजे बारात एक, होता, उरलेल्यांमध्ये सगळ्यात मोठा. आमच्या तीन पत्रांना त्यांनी उत्तर दिलं नव्हतं.

माझ्या साहेब म्हणजे साठीच्या एक बाई, त्याच जमातीतल्या. आवाज कधी चढवायच्या नाहीत. एका मंगळवारी सकाळी त्यांनी गाडीची किल्ली उचलली आणि मला म्हणाल्या, चल. आजी तीन तासांवरच्या शहरात राहायच्या, कारण रिझर्वेशनवर डायलिसिसची सोय नव्हती. आठवड्यातून तीनदा मशीन. मूत्रपिंडं गेली तेव्हा घर सोडून त्या तिकडे मुलीकडे गेल्या होत्या.

आम्ही डायलिसिस सेंटरमध्येच त्यांना गाठलं. एका हातात नळ्या, दुसरा हात ब्लँकेटवर मोकळा. आम्हाला बघून म्हणाल्या, "बरोबर वेळ साधलीत. उठून जाता येत नाही मला."

बाईंनी स्टूल ओढलं आणि आधी बराच वेळ नुसती विचारपूस केली. मग दवाखान्याचं सांगितलं. पुढेमागे तिथे डायलिसिसही सुरू करायचा विचार आहे, तुम्हाला घरी परत येता येईल. आजी ऐकत होत्या. मान हलवत नव्हत्या. माझी नजर सारखी मशीनवरच्या आकड्यांकडे जात होती, किती मिनिटं उरली ते. शेवटी मला राहवलं नाही. मी फाइल उघडून पुढे केली आणि म्हणाले, "आजी, फक्त एक सही तर आहे."

बाईंनी माझ्याकडे एकदाच बघितलं. मी फाइल मिटून मांडीवर घेतली. कारण दोनच आठवड्यांपूर्वी माझ्या दादाने फोनवर अगदी हेच वाक्य मला ऐकवलं होतं. बाबांना जाऊन वर्ष झालं होतं. गावाकडच्या शेतावर वारस म्हणून माझंही नाव लागलं होतं. दादाने मुखत्यारपत्राचे कागद कुरिअरने पाठवले होते. मी ते इथे वकिलातीतून साक्षांकित करून परत पाठवायचे, मग तो तिकडे माझं हक्कसोडपत्र करून घेणार. तू काय येणार आहेस का शेती करायला, फक्त एक सही तर आहे, असं तो म्हणाला होता. पाकीट माझ्या टेबलावर तसंच पडून होतं.

आजी रागावल्या नाहीत. त्यांच्या आजीची गोष्ट त्यांनी सांगितली. एक सरकारी माणूस शिधा वाटायला यायचा. एकदा त्याने कागदावर अंगठा घेतला, शिध्याच्या पावतीचा म्हणून. पुढच्या वर्षी कुंपण पडलं आणि कळलं की टेकडीकडची जमीन विकली गेली आहे, तिनेच विकली आहे. मरेपर्यंत ती तो अंगठा मुठीत झाकून बसायची.

"दवाखाना मला हवाय," आजी म्हणाल्या. "पण विकणार मी नाही. वापरा. तसं लिहून आणा, मी सही करते."

गाडीत बसल्यावर मी म्हटलं, मग सोपंच झालं की, भाडेकरार करू. बाईंनी गाडी रस्त्याला लावली. मग म्हणाल्या की हा प्रस्ताव दोन वर्षांपूर्वी त्यांनीच कौन्सिलपुढे ठेवला होता. कौन्सिलने उडवून लावला. आपल्याच जमिनीचं भाडं आपण का भरायचं? आता परत तोच कागद घेऊन गेले तर कदाचित आपली खुर्ची जाईल, असं त्यांनी अगदी सरळ सांगितलं. मी माझ्या व्हिसाचा विचार करत होते. तो बोलून दाखवायची मला लाज वाटली.

पुढचे आठ दिवस मी तो करार टाइप करत होते. कौन्सिलची बैठक सत्तावीस तारखेला दुपारी होती. हॉल भरलेला होता. अध्यक्षांनी बाईंना बोलू दिलं आणि मग खजिनदाराला उभं केलं. हा एक निवृत्त सैनिक, हडकुळा, खोटं न बोलणारा माणूस. त्याने सांगितलं की आजींचं आणि ज्यांनी विकलं नाही त्या सगळ्यांचंच भाडं दर वर्षी द्यावं लागेल आणि ते अनुदानातून देता येणार नाही. जमातीच्या स्वतःच्या खात्यात हात घालता येईल असा एकच निधी आहे. म्हाताऱ्या माणसांना हिवाळ्यात घर गरम ठेवायला गॅससाठी मदत देतो, तो.

हॉलमध्ये एकदम गलका झाला. एक सदस्य म्हणाला, म्हणजे म्हाताऱ्यांना थंडीत काकडवून आपण म्हाताऱ्यांचा दवाखाना बांधायचा. त्याचं चुकत नव्हतं. अध्यक्षांनी खजिनदाराला विचारलं, तू काय करशील? त्याने हातातले कागद टेबलावर ठेवले.

"मी असतो तर हे केलं नसतं," तो म्हणाला. "पण पैसे पुन्हा परत गेले, तर तिसऱ्यांदा मागायला मी जाणार नाही."

बाई एवढंच म्हणाल्या की नकार द्यायचा असेल तर द्या, पण आजी द्यायला तयार होत्या आणि आपण घेतलं नाही, हे इतिवृत्तात लिहा. मग मतदान झालं. ठराव एका मताच्या फरकाने पास झाला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

एकोणतीस तारीख शुक्रवार होती. तीस तारखेला ऑफिसं बंद, म्हणजे पाच वाजेपर्यंत फॅक्स जायलाच हवा होता. आम्ही नोटरीला गाडीत घालून शहरात गेलो. आजींच्या मुलीच्या स्वयंपाकघरात बसलो. आजींनी भिंग मागवलं आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. मोठ्याने. प्रत्येक पान. तीन वाजले, साडेतीन वाजले. सहाव्या पानावर त्या थांबल्या. मुदत संपल्यावर करार आपोआप पुढे चालू राहील, असं एक कलम होतं. ते मीच जुन्या नमुन्यावरून उचललं होतं.

"आपोआप नाही," आजी म्हणाल्या. "तेव्हा जे कुणी असतील त्यांना येऊन विचारा."

ऑफिसला फोन करून विचारायला वेळ नव्हता. बाईंनी पेन घेतलं, कलम खोडलं, बाजूला आद्याक्षरं केली. आजींनीही केली. मग शेवटच्या पानावर त्यांनी पूर्ण नाव लिहिलं, एकेक अक्षर सुटं. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून मी फॅक्स केला तेव्हा पाचला अकरा मिनिटं कमी होती. पानं जात होती तोवर मी मशीनवरचा हात काढला नाही.

त्या रविवारी मी दादाला फोन केला आणि सही करणार नाही म्हणून सांगितलं. तो आधी हसला. मग म्हणाला, तुला करायचंय काय त्या जमिनीचं? करायचं काहीच नव्हतं. पिकाचा पैसा नको, कसणारा तूच, फक्त नाव राहू दे, एवढंच मी म्हटलं. वर्षभर त्याने फोन केला नाही. आईशी बोलताना मागे त्याचा आवाज यायचा.

हिवाळ्यात गॅसची मदत निम्म्यावर आली. लोक ऑफिसात येऊन बाईंना बोलून जायचे. त्यांचीच चुलती एकदा येऊन बरंच काही सुनावून गेली. बाई सगळं बसून ऐकायच्या, आणि सरपणाची एक खेप स्वतःच्या ट्रकमधून कुणाकुणाकडे टाकून यायच्या. त्यांची खुर्ची मात्र राहिली.

दवाखाना २००८च्या वसंतात उघडला. डॉक्टर आले, दातांची खुर्ची आली, बाळंतिणींची खोली झाली. डायलिसिस मात्र झालं नाही. त्याला लागणारं पाणी शुद्ध करायचं यंत्र अनुदानात बसत नव्हतं. उद्घाटनाला आजी शहरातून आल्या, तासभर बसल्या, आणि दुसऱ्या दिवशी मशीनवर जायचं म्हणून परत गेल्या. मला म्हणाल्या, इमारत चांगली झाली आहे, मागच्या खिडक्यांतून ऊन आत येतं.

त्या उन्हाळ्यात माझ्या पदासाठीचे अनुदानाचे पैसे संपले आणि मी जॉर्जियातल्या अल्फारेटाला नवी नोकरी धरली. निघताना त्या यंत्रासाठीचा अर्ज बाईंनी दुसऱ्यांदा पाठवला होता. उत्तर आलेलं नव्हतं.