टिळा न लागलेले कंप्युटर

ती घटना मनातून अजून गेलेली नाही. नव्वदचं दशक, सप्टेंबर महिना. गंगा भरलेली, गल्ल्यांत ओलसर पांढरा उजेड, आणि देवळांच्या घंटा पाण्याखालून वाजल्यासारख्या.

मी आठवीत शाळा सोडून मामांच्या मागे महाराष्ट्रातून बनारसला आलेला माणूस. शिपाई म्हणून भरती झालो, होता होता फौजदार झालो. तिकडे दरोगा म्हणतात. या शहरानं मला पोसलं. शिकलेल्या माणसांसमोर मात्र बिचकायचो, ते निवृत्त होईपर्यंत.

एका कंपनीच्या मॅनेजरनं तक्रार दिली. ऑफिसातले चार चालू कंप्युटर काल-परवाच चोरीला गेले म्हणून. आमचा एक खबऱ्या पानवाला होता. तो विडा लावता लावता म्हणाला, "साहब, मंगला गौरी मंदिर की तरफ एक मास्टरनी हैं. उनके कमरे में दिन में भी हरी रोशनी रहती है."

गेलो. टायपिंगचे क्लास चालवणाऱ्या मराठी बाई निघाल्या. टाइपरायटर कोपऱ्यात सरकवलेले, टेबलावर झाकणं निघालेले कंप्युटर. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं नदीत सोडलेल्या दिव्यांसारखी तरंगत होती. क्षणभर मी कशाला आलोय तेच विसरलो. वर्दी दिसताच मुली चपला उचलून निघून गेल्या.

"झाला क्लास बंद," माझ्या छातीवरची नावाची पट्टी वाचत बाई म्हणाल्या. "आता कोण आई-बाप पोरीला पाठवतील? तुम्ही महाराष्ट्रातले का हो? मग चाय घ्या, नंतर पकडून न्या."

"बाई, हे आलं कुठून?"

"कंपनीच्या मागच्या कूड्याच्या ढिगातून. रिक्षात घालून आणलं. दोनांचं सामान काढून दुसरे दोन जिवंत केले. टाइपरायटरवर आता नोकरी कोण देतं?"

"कोणी साक्षीदार?"

"कूडा उचलताना साक्षीदार न्यायचा असतो, माहीत नव्हतं."

कंप्युटरांवरचे नंबर तक्रारीतल्या नंबरांशी जुळत होते. पंचनामा केला. अटक करायला हरकत नव्हती, पण मन होईना. आधी कंपनीत जाऊन येतो म्हटलं.

तिथे चार दिवसांपूर्वी विश्वकर्मा पूजा झालेली, आपल्या खंडेनवमीसारखी अवजारांची पूजा. नव्या कंप्युटरांना सिंदुराचा टिळा, शिडीला टिळा, स्टेपलरला टिळा, चौकीदाराच्या सायकलीलासुद्धा. मी बघतच राहिलो. बनारसमध्ये त्या दिवशी कामातली वस्तू टिळ्यावाचून राहत नाही. बाईंच्या कंप्युटरांवर मात्र नुसते जुन्या वर्षांचे फिकट गुलाबी डाग होते. तुपातला सिंदूर प्लास्टिकमध्ये मुरलेला, घासूनही न गेलेला. ताजा डाग एकही नव्हता.

चौकीदाराला बाहेर बाकावर बसवलं, चहा मागवला. चोरीचं नावही काढलं नाही.

"पूजा अच्छी हुई?"

"बहुत बढ़िया, साहब. टीका तो हमने ही लगाया सबको."

"उन चार कंप्युटर को नहीं लगाया? बेचारे रूठकर चले गए!"

तो खो खो हसला. "अरे, वो थे कहाँ! पूजा की सफाई में ही फिंकवा दिए थे बड़े साहब ने." आणि जीभ चावली.

मॅनेजर आधी इंग्रजीत बोलला. मी घाबरत का होईना, हिंदीत लिहीत राहिलो. शेवटी तोही हिंदीवर आला. हेड ऑफिसनं जुन्या मालाची विचारणा केली होती. यानं तो न विचारता फेकला होता, म्हणून चोरीची तक्रार. त्यानं जबाबावर सही केली.

खोटं बोलणारा माणूस गुन्ह्याची गोष्ट पाठ करून येतो, सणाची करत नाही. हे मी त्या केसमध्ये शिकलो आणि पुढे नोकरीभर वापरलं. दुसरा धडा बाईंनी दिला.

निकाल सांगायला गेलो तर त्या म्हणाल्या, "मला काय सांगता? मला माहीतच होतं. गल्लीला सांगा!"

खरंच होतं. पोलीस घरात शिरलेला सगळे बघतात. तो चुकीच्या दारी आला होता, हे कोणाला कळत नाही. वर्दीत गल्लीच्या मधोमध उभा राहिलो. जमेल तेवढ्या मोठ्यानं म्हणालो, "मास्टरनीजी ने कोई चोरी नहीं की! मैं थाने से कह रहा हूँ!"

कबुतरं फडफडत उडाली. वरच्या मजल्यावरची एक खिडकी उघडली. कोणाची तरी आई वाकून म्हणाली, "तो बिटिया को कल से भेजें?"

"कल क्यों?" बाई माझ्या मागून ओरडल्या. "अभी भेजो!"