हेस्टरबाईंची गुरुवारची बस

आमच्या लिटल ओझलीत एक चर्च आहे, एक पब आहे, बदकांचं तळं आहे आणि एका जागी न टिकणाऱ्या हेस्टर पॉबजॉय आहेत. वय चौऱ्याहत्तर. जन्म इथला, लग्न इथलं, नवराही इथेच पुरलेला. पण बाई स्वतःच्या घरात चहासुद्धा उभ्यानं पितात.

गावाबाहेर जायला आठवड्यातून एकच बस. गुरुवारी दहाला मार्केटच्या गावी जाते, दोनला तिथून परत निघते. बाई दर गुरुवारी जातात आणि रिकाम्या हातानं परत येतात.

"मग जाता तरी कशाला?" मी एकदा विचारलं.

"जायचंय कुणाला? अजून जाता येतंय का, ते बघून येते."

मार्चमध्ये थांब्यावर काउन्सिलचा कागद लागला. येत्या गुरुवारी त्यांचा माणूस बसमध्ये बसून डोकी मोजणार. जाता-येता मिळून दहा भरली नाहीत, तर बस बंद.

बाईंनी दारोदार फिरून सात जण जमवले. सातवा मी. "आजारी असलास तरी ये," मला म्हणाल्या. "मेलास तर मात्र राहू दे."

गुरुवारी पाऊस होता. आम्ही सातही जण वेळेवर थांब्यावर. बाई आठव्याच्या, म्हणजे पाद्रीबुवांच्या, दाराशी गेलेल्या. एवढ्यात क्लेम टकेट आपली मेंढ्या न्यायची व्हॅन घेऊन आला.

"भिजताय काय उगाच? चढा मागे!"

"नको नको, कशाला तसदी?" आम्ही एका सुरात म्हणालो.

"तसदी कसली? चढा!"

आता आमच्याकडे एकदा नको म्हणणं ही रीत, दुसऱ्यांदा म्हणणं हा उद्धटपणा. आम्ही चढलो. मागच्या काचेतून बघतो, तर बाई वळणावरून छत्री उगारत एकट्याच पळत येतायत. त्या जे ओरडल्या ते चर्चच्या इतक्या जवळ याआधी कुणी ओरडलं नसावं.

जाताना बसमध्ये प्रवासी एक.

मार्केटच्या गावी आम्ही बेकरीच्या दुकानात माना खाली घालून गोड पाव खात बसलो. क्लेमही होता, परत नेतो म्हणाला. बाई दुकानाच्या काचेबाहेरून दोनदा गेल्या. आत आल्या नाहीत.

पावणेदोनला व्हॅनकडे गेलो, तर मागचं चाक पार बसलेलं. जादा चाक गोठ्यात राहिलेलं.

"नशीब, बस तरी आहे," क्लेम म्हणाला.

येताना प्रवासी नऊ. काउन्सिलच्या माणसानं दोनदा मोजले. बाई खिडकीबाहेर बघत होत्या, ओठ घट्ट मिटून. त्यांच्या उजव्या हाताची बोटं काळी झाली होती, ती फक्त मला दिसली असं मला वाटलं.

पंधरा दिवसांनी कागद उतरला. बस राहिली.

त्या गुरुवारी बाई वीस मिनिटं आधीच थांब्यावर. क्लेमनं व्हॅन थांबवली, काच खाली केली.

"हेस्टर, माझ्या चाकाच्या हवेच्या नळीचं ते झाकण?"

बाईंनी कोटाच्या खिशातून एक छोटंसं काळं टोपण काढून त्याच्या तळहातावर ठेवलं.

"सोडू का तुला गावात?"

"नको."

"अगं, तसदी कसली?"

"नको म्हटलं ना!" बाई म्हणाल्या, आणि पाय आपटत वळणाकडे बघू लागल्या.