वाफेला भिणारे अण्णा

"अण्णा स्वयंपाकघरात पडलेत गं... लगेच नीघ." शेजारच्या मंदाकाकूंचा फोन आला तेव्हा मी इगतपुरीला शाळेत शिकवत होते. त्यावर माझ्या तोंडून जे निघालं, त्याची महिना उलटला तरी लाज वाटते. "कुकर फुटला का?" कुकर फुटला नव्हता. माझ्या वडिलांचं हृदय बंद पडलं होतं. पण पंचवटीतल्या घरी पोचेपर्यंत माझ्या डोळ्यांपुढे नुसती वाफ होती, कारण तो कुकर मीच त्यांना आणून दिला होता.

अण्णा एका कारखान्यात तीस वर्षं बॉयलरवर होते. तरुणपणी त्यांच्या डोळ्यांदेखत एक सहकारी वाफेनं भाजला. त्याबद्दल ते घरी कधी बोलले नाहीत, पण आईनं गॅसवर कुकर चढवला की चपला घालून बाहेर पडायचे. मी हसायचे.

दीड वर्षापूर्वी आईला अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, बोलणं अडखळू लागलं. डबा लावून पाहिला, पण तिला त्यातलं तिखट गिळवेना. म्हणून मी विजेचा प्रेशर कुकर आणला. शिट्टी नाही, गॅस नाही, शिजलं की आपोआप बंद. अण्णांनी तो चारी बाजूंनी पाहिला. "आत दाब असतोच ना?" "असतो." "मग हा बॉयलरच झाला." तरी दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला, "मुगाच्या खिचडीला पाणी किती घालायचं?" हळूहळू वरण-भात जमला, दुधीची भाजी जमली, पेज जमली... वाफ सोडताना मात्र ते हातभर लांब उभे राहून, तोंड फिरवून, लाकडी उलथन्यानं व्हॉल्व्ह ढकलायचे.

दिवाळीत मी घरी होते. घाईघाईत डाळ जास्तच भरली आणि वाफ सोडताना फेस चढून व्हॉल्व्ह बुजला. वाफ थांबली, तसं मला वाटलं दाब गेला. झाकण फिरेना म्हणून मी जोर लावला. "हात काढ!" अण्णांचा तसा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. त्यांनी मला मागे खेचलं, पुढे होऊन प्लग उपटला. "झाकणावरची पिन बघ. वर आहे. म्हणजे आत दाब आहे." पिन खाली बसेपर्यंत आम्ही दोघं दारात उभे होतो. माझं मनगट त्यांनी सोडलं नव्हतं.

दिवसकार्य झालं, पाहुणे पांगले आणि आईचं जेवण माझ्याकडे आलं. डाळ-तांदूळ धुऊन कुकरमध्ये घातले, पण बटण दाबायला हात धजेना. खुर्चीतून आई बघत होती.

"भीती... वाटते?"

मी मान डोलावली.

"त्यांनाही... रोज. मला म्हणायचे, तू आकडे म्हण... वाफ जाईस्तोवर."

डॉक्टरांनी तिला मोठ्यानं बोलायचा सराव सांगितला होता. तो होतोय एवढंच अण्णा मला फोनवर कळवत. कधी होतो, ते कधीच बोलले नाहीत.

मी बटण दाबलं. खिचडी शिजली. हातभर लांब उभी राहून मी लाकडी उलथन्यानं व्हॉल्व्ह ढकलला... आणि मागून आईनं सुरू केलं, "एक... दोन... तीन..." अकरावर ती अडली. मी "बारा" म्हटलं. तेरा तिनं म्हटलं. पिन खाली बसली तेव्हा आम्ही सदतीसवर होतो.